दोन मिनिटें बोलण्याची परीक्षा

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं कामानिमित्त आम्हांस घोलवडला जाण्याचा योग आला. पश्चिम रेल्वेच्या गाडीनें डहाणू रोड मागें टाकलें, कीं पुढचेंच स्थानक घोलवड. एका बाजूस समुद्र व सुरूचीं झाडें, दुसऱ्या बाजूस चिकूच्या गर्द वाड्या. येथील चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या वाडींत आम्ही दोन दिवस राहिलों. चिकू पुष्कळ खाल्ले. परंतु परततांना बरोबर आणला तो एक विचार, आणि तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्नेह्यांची कन्या परिचारिका आहे. रुग्णालयांत दिवसभर तिचें बोलणें चालूं असतें. कोणाशीं मराठींत, कोणाशीं गुजरातींत, कोणाशीं हिंदींत, आणि पाड्यांवरून आलेल्या बायांशीं वारली बोलींत. चार भाषा सहज बोलणारी ही मुलगी इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेंत मात्र अडली. इंग्लंडांत परिचारिका म्हणून नोंदणी व्हावयाची, तर इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठीं आयईएलटीएस ही परीक्षा दिली, तर ऐकणें, वाचणें व बोलणें या तिन्हींत ७ आणि लेखनांत निदान ६.५ गुण हवे असतात. हिला बाकी सर्वांत पुरेसे गुण पडले, बोलण्यांत ६.५. अर्ध्या गुणासाठीं सहा महिन्यांची मेहनत आणि वडिलांनीं वाडीच्या उत्पन्नांतून बाजूस काढलेली फी, दोन्ही वायां गेल्या.

कारण तिनें स्वतःच सांगितलें. शहरांतील एका वर्गांत तिनें नांव घातलें होतें. तेथें साठ विषयांवरचीं साठ उत्तरें छापून देत व तीं मुखोद्गत करून घेत. आवडत्या ठिकाणावरील उत्तर काश्मिरांतील एका सरोवराचें होतें. परीक्षेंत हातीं आलेल्या कार्डावर ‘घराजवळच्या, तुम्हांला बसावयास आवडणाऱ्या एका जागेचें वर्णन करा’ असें होतें. घाईंत ‘घराजवळच्या’ हा शब्द तिच्या लक्षांतच आला नाहीं. तिनें काश्मीरचें सरोवर सुरू केलें. परीक्षकानें शांतपणें ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला, “तेथें तुम्ही सहसा कोणाबरोबर जातां?”

“काका, मी काश्मीर पाहिलेलंच नाही. कोणाबरोबर जाणार?” असें म्हणून ती हंसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

ही परीक्षा कशी असते, तें येथें थोडक्यांत सांगणें जरूर आहे. कारण आज आपल्यापैकीं पुष्कळ घरांतून मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जावयास निघतात. आयईएलटीएस या नांवानें ती १९८९ पासून चालूं आहे. तिचा बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो, आणि तो प्रत्यक्ष परीक्षकाशीं, समोरासमोर किंवा पडद्यावरून, बोलून द्यावयाचा असतो. प्रथम चार-पांच मिनिटें घर, काम, आवडीनिवडी यांविषयीं साधे प्रश्न. मग एक विषय लिहिलेलें कार्ड. विचार करण्यास एक मिनिट, आणि नंतर एक ते दोन मिनिटें न थांबतां बोलावयाचें. शेवटीं त्याच विषयाच्या अनुषंगानें चार-पांच मिनिटें चर्चा. तींत मत विचारलें जातें, व त्या मताचें कारणही. ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरण आणि उच्चार या चार कसोट्यांना सारखेंच वजन असतें. मत बरोबर कीं चूक, याला गुण नसतात. साहेबी ढंगाचा आव आणण्याचेंही कारण नाहीं. बोललेलें स्पष्ट कळलें म्हणजे झालें. उलट पाठ केलेलें उत्तर अनुभवी परीक्षकाच्या तत्काळ ध्यानांत येतें, आणि मग गुणांना कात्री लागते.

परक्याच्या तोंडून त्याची भाषा ऐकून ती जोखण्याची ही रीत जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठानें १९१३ सालीं परदेशीयांसाठीं इंग्रजीची परीक्षा प्रथम घेतली, तेव्हांही तींत मोठ्यानें वाचन व संभाषण होतें. त्या वर्षीं तीन उमेदवार बसले, आणि तिघेही नापास झाले. तेव्हां आमच्या घोलवडच्या कन्येनें फार खंत करण्याचें कारण नव्हतें.

तथापि रोग इंग्रजीचाच आहे कीं आणखी कसला, हें पाहावें म्हणून आम्ही तिला म्हटलें, “इंग्रजी राहूं दे. तुमच्या वाडींत चिकू कसे उतरवतात, तें मराठींत सांग पाहूं. दोन मिनिटें.” आम्ही घड्याळ समोर ठेवलें. ती म्हणाली, “लांब बांबूला जाळी बांधून चिकू काढतात. मग धुतात. मग पेट्यांत भरून पाठवतात.” आणि थांबली. घड्याळांत पंधरा सेकंदही झालीं नव्हतीं. “झालं!” असें म्हणून ती आमच्याकडे पाहूं लागली.

झोपाळ्यावर तिची आजी जप करीत बसली होती. माळ खालीं ठेवून ती म्हणाली, “आमच्या वेळीं, विचारलं तेवढंच मुलीनं बोलावं, असा दंडक होता. तोच आम्ही हिला लावला. बोलायला लागली कीं ‘पुरे’ म्हणायचं. आतां परका माणूस हिला मत विचारतो. ती कुठून देईल?”

म्हातारीच्या या चार वाक्यांत आमच्या मतें सर्व आलें. मुलीस इंग्रजी येत नव्हतें असें नाहीं. दोन मिनिटें आपलें ऐकून घेतलें जाईल, हाच अनुभव तिला नव्हता. आपल्या घरांतून पाठांतरास मान आहे, आणि तो योग्यच आहे. स्तोत्रें, पाढे, श्लोक यांनीं आपल्या कित्येक पिढ्यांची वाणी शुद्ध झाली. परंतु पाठांतर म्हणजे दुसऱ्याचें बोलणें आपल्या तोंडीं घेणें. संभाषण म्हणजे आपलें बोलणें दुसऱ्यापुढें ठेवणें. पहिलें आपण कसून शिकवितों, दुसऱ्यास मात्र उद्धटपणा समजतों.

गंमत अशी, कीं हा धडा घोलवडला दूर जाऊन शिकावयास नको. शेजारच्या बोर्डींत १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांस तेथेंच येऊन मिळाल्या. पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. शाळेंत न येणाऱ्या वारली मुलांसाठीं, जेथें तीं गुरें चारीत तेथेंच, कुरणशाळा भरूं लागल्या. शिक्षकानें मुलाकडे जावयाचें, त्याच्याच जगांतल्या वस्तूंपासून आरंभ करावयाचा, ही ती रीत. कुरणांतल्या पोरांस जें मिळालें, तें आपल्या दिवाणखान्यांतल्या मुलांस मिळूं नये काय?

त्याच संध्याकाळीं, दिवेलागणीनंतर, आजीनें घड्याळ आपल्यापुढें ठेवून घेतलें व नातीस प्रश्न विचारावयास सुरुवात केली. वाडींतलें कोणतें झाड तुला आवडतें? रुग्णालयांतला कोणता रोगी तुला विसरत नाहीं? पहिलीं उत्तरें तोकडीं आलीं. आजी कांहीं बोलली नाहीं. नुसती वाट पाहत राहिली. मग तिनें विचारलें, “तूं तिकडे जाऊन परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करणार. माझी कोण करील?”

ओसरी शांत झाली. मुलगी उठून आंत गेली.

दुसऱ्या संध्याकाळीं ती आपण होऊन आजीसमोर बसली. “आजी, तुझी सेवा कोण करील, याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नाही,” ती म्हणाली. “पण तुझ्यासाठीं म्हणून मी राहिले, तर रोज मनांतून तुझ्यावर रागावेन, आणि तो राग तुला कळल्याशिवाय राहणार नाही.” मग ती रुग्णालयांतल्या रात्रपाळीविषयीं, वडिलांच्या कर्जाविषयीं, परत कधीं यावयाचें त्याविषयीं बोलत राहिली. घड्याळाकडे कोणींच पाहिलें नाहीं. ती थांबल्यावर आजीनें डोळे पुसले व म्हटलें, “बरं. आतां हेंच त्यांच्या भाषेंत सांग.”

तिनें सांगितलें. अडखळत, क्रियापदांचे काळ चुकवीत सांगितलें. पण त्यांत काश्मीर कोठें आलें नाहीं.

तें ऐकतांना आम्हांस आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. १८८३ च्या आरंभीं, अठरावें वर्ष चालूं असतां, त्यांनीं बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत इंग्रजींतून जाहीर भाषण केलें. अमेरिकेस कां जातां? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकट्या कां जातां? परतल्यावर जातिबहिष्कार नाहीं का पडणार? संकट आलें तर काय कराल? कोणी स्त्री करीत नाहीं तें तुम्हीच कां करावें? लोक त्यांना जे सहा प्रश्न विचारीत, त्यांचीं उत्तरें म्हणजेच तें भाषण. त्यांच्या बोलण्यास बळ आलें तें या प्रश्नांना खरोखर तोंड दिल्यामुळें.

ज्यांच्या घरीं अशी परीक्षा आहे, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. रोज एक विषय घेऊन आधीं मराठींत दोन मिनिटें बोलावें. तोच विषय लगेच सोप्या इंग्रजींत सांगावा. कार्डावर विचार करण्यास मिळणाऱ्या एका मिनिटांत वाक्यें लिहूं नयेत. कोठें, केव्हां, कोण, काय झालें, मला काय वाटलें, एवढे पांच शब्द टिपून ठेवावे. बोललेलें मोबाईलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशीं ऐकावें. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असल्या आपल्या खास चुका तेव्हांच कानांस खटकतात. आपल्या एका ‘व’ मध्यें इंग्रजीचे दोन निराळे ध्वनि दडले आहेत, हेंही कळतें. प्रश्न नीट ऐकूं आला नाहीं, तर तो पुन्हा विचारण्याची विनंति खुशाल करावी. अंदाजानें भलतेंच उत्तर देण्यापेक्षां तें शतपट बरें. चूक झाली तर सुधारून पुढें जावें. आणि साध्या प्रश्नास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच म्हणून थांबूं नये. त्याला एक ‘कारण’ जोडावें.

फाल्गुनांत स्नेह्यांचा निरोप आला. मुलगी पुन्हा परीक्षेस बसली. बोलण्यांत तिला ७ गुण मिळाले. यंदाच्या कार्डावर ‘ज्या वडीलधाऱ्या व्यक्तीपासून तुम्ही कांहीं शिकलां, तिच्याविषयीं सांगा’ असा विषय होता. उत्तर तिला पाठ करावें लागलें नाहीं. ती आतां जाईल. आजीच्या प्रश्नाचें पुरतें उत्तर अजूनही कोणाजवळ नाहीं. पण निदान तो प्रश्न त्या घरांत आतां उघडपणें बोलला जातो.

वाचकहो, परीक्षा असो वा नसो, आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपल्या मुलामुलींस एक प्रश्न विचारा, आणि दोन मिनिटें मध्यें बोलूं नका. ही दोन मिनिटें मुलांपेक्षां आपल्यालाच जड जातील, असा आमचा अनुभव आहे.