विश्लेषण : रेंज फुल, तरी मोबाइलवर व्हिडिओ का अडकतो?

संध्याकाळची वेळ. खापरखेड्यात औष्णिक वीज केंद्राची पाळी सुटलेली, क्रिकेटचा सामना रंगात आलेला. मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण, तरी नेमका शेवटच्या षटकात व्हिडिओ थांबतो आणि गोल चक्र फिरू लागते. असे का होते?

रेंज आहे, मग वेग का नाही?

काड्या फक्त सिग्नल किती जोरदार आहे, हे सांगतात. टॉवरची क्षमता मात्र त्याच्या टप्प्यातील सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. शेकडो जणांनी एकदम सामना लावला, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते.

गर्दी आवरतो कोण?

डेटा पाठवणारा सर्व्हर स्वतःच वेग आवरतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे, जेमतेम ४०० यार्डांवरील दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : डेटाचा तुकडा हरवला, की वाट तुंबली असे समजून वेग घटवायचा, मग हळूहळू वाढवायचा.

मोबाइलवर अडचण कोणती?

तारेविना येणारा तुकडा भिंतीमुळे किंवा धावत्या बसमुळेही हरवतो. वाट मोकळी असली तरी जुना नियम वेग उगाच कमी करतो. म्हणून गुगलने २०१६ मध्ये ‘बीबीआर’ ही पद्धत आणली. ती तुकडे हरवण्यावर विसंबत नाही. डेटा प्रत्यक्ष किती वेगाने पोहोचतो आणि फेरीला किती वेळ लागतो, ते मोजते.

चित्र धूसर का होते?

व्हिडिओ काही सेकंदांच्या भागांत कापलेला असतो आणि प्रत्येक भाग अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो. वेग घटला, की अॅप हलक्या दर्जाचा भाग मागवते. तोही वेळेत आला नाही, की चक्र फिरते.

आपण काय करू शकतो?

टाळेबंदीच्या तोंडावर, २४ मार्च २०२० रोजी, नेटफ्लिक्स, गुगल, हॉटस्टारसह कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरील व्हिडिओचा दर्जा तात्पुरता ४८०पीपर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरवले होते. गर्दीच्या वेळी हीच मर्यादा आपणही सेटिंगमध्ये घालू शकतो. लहान पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही, सामना अडकण्याची शक्यता घटते आणि त्याच टॉवरवर ऑनलाइन तास करणाऱ्या शेजारच्या विद्यार्थ्यालाही वाट मिळते.