संगीत शिक्षकाचे पुढचे शिक्षण

शाळेत संगीत शिकवणारा माणूस दोन वाटांनी घडतो. एक वाट अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आणि त्यापुढे अलंकाराच्या दोन. दुसरी वाट विद्यापीठाची. संगीत विषय घेऊन बी.ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम.ए. जालना जिल्ह्यातल्या शिक्षकाला पहिली वाट सोयीची पडते, कारण गावातल्या गुरूकडे शिकून नोकरी सांभाळत परीक्षा देता येते. एम.ए. करायचे तर परतूर किंवा जालन्याहून सहसा छत्रपती संभाजीनगरची गाडी धरावी लागते. तिथल्या सरस्वती भुवन महाविद्यालयात पं. नाथराव नेरळकर यांनी अनेक वर्षे संगीत शिकवले. मराठवाड्यात महाविद्यालयीन संगीतशिक्षणाला जी प्रतिष्ठा आली, तीत त्यांचा वाटा मोठा आहे.

शिक्षक घडवणे हे गायक घडवण्याहून वेगळे काम आहे, हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी फार लवकर ओळखले होते. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी निवडक विद्यार्थ्यांचा उपदेशक वर्ग चालवला. या विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय विद्यालय करी. त्या बदल्यात त्यांनी पुढे गावोगाव संगीत शिकवायचे, अशी योजना होती. पुढे पं. भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तके मराठीत लिहिली. आजचा पदव्युत्तर अभ्यासक्रम या दोघांच्या कामावर उभा आहे. त्यात रागांचा विस्तार, ताल, घराणी, संगीताचा इतिहास आणि सादरीकरण हे सारे येते. मात्र पन्नास मुलांचा वर्ग कसा गाता करावा, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. बी.एड.लाही संगीत ही अध्यापनपद्धती म्हणून घेता येईल अशी महाविद्यालये फार थोडी आहेत. म्हणजे रागाचे ज्ञान एकीकडे, वर्गाचे ज्ञान दुसरीकडे, आणि शिक्षक मधल्या जागेत एकटा.

या जागेत काय शिकवायला हवे, ते रोजच्या परिपाठात दिसते. शिक्षक पेटीवर स्वतःच्या गळ्याला सोसेल असा षड्ज धरतो. पुरुष असेल तर बहुधा काळी एक. लहान मुले तोच स्वर एक सप्तक वर घेतात. गाणे मध्य सप्तकात राहिले तर काही बिघडत नाही. पण चाल तार गंधार-मध्यमापर्यंत गेली की मुले ओरडू लागतात, आणि मंद्र पंचमाकडे उतरली की आवाज विरून जातो. म्हणून शिक्षकाने षड्ज ठरवायचा तो आपला गळा पाहून नव्हे, तर चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पाहून. राष्ट्रगीत पेटीशिवाय सुरू केले की षड्ज हमखास उंच लागतो आणि शेवटच्या जयघोषातला तार षड्ज गाठताना मुलांच्या मानेच्या शिरा ताणतात. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले. श्रीनिवास खळ्यांची ही चाल शाहीर साबळ्यांच्या बुलंद गळ्यातून लोकांच्या कानात बसली आहे. ती त्याच पट्टीत मुलांकडून म्हणवून घेणे चुकीचे आहे.

सातवी ते नववीत मुलांचा आवाज फुटतो. अशा मुलाला ‘तू नुसता टाळ धर’ म्हणून बाजूला बसवले जाते, आणि पुष्कळांचे गाणे तिथेच कायमचे थांबते. खालच्या पट्टीत चार-पाच स्वरांत फिरणारी चाल दिली, तर तो गात राहतो. ही साधी गोष्ट विशारद झालेल्या शिक्षकालाही कुणी सांगितलेली नसते.

हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने हाच विषय राष्ट्रीय पातळीवर नेला. १९५० मध्ये केचकेमेत गावी रोज गाणे असलेली प्राथमिक शाळा निघाली आणि १९७५ मध्ये तिथेच संगीत शिक्षकांच्या उच्च शिक्षणाची संस्था उभी राहिली. मुलाने आधी मातृभाषेतली लोकगीते गावीत, मग स्वरलिपी शिकावी, हे तिचे सूत्र. तसे पाहिले तर जालन्याची ओंजळ याबाबतीत भरलेली आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा आहे. शेजारी पैठणला संत एकनाथांची भारुडे आहेत. जात्यावरच्या ओव्या तर घराघरांत होत्या. गी पॉत्वँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून गोळा केलेल्या ओव्या लाखावर आहेत.

नोकरीची बाजू मात्र लंगडी आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो, आणि ‘कला’ म्हणजे बहुतेक ठिकाणी चित्रकला. लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेत संगीत त्यामुळे वर्गशिक्षकाच्या आवडीवर चालते. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान दिले, आणि एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘कृति’ पुस्तकात संगीत, नृत्य, नाट्य, चित्र एकत्र आले. हे शिकवायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

त्यासाठी नवे विद्यापीठ काढण्याची गरज नाही. आहे त्याच एम.ए.त शालेय संगीताची एक अभ्यासपत्रिका आणि शाळेतले एक सत्र घालता येईल. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग भरवले तर मंठ्याच्या शिक्षिकेलाही रजा न काढता शिकता येईल. अमेरिकेत अनेक संगीत शिक्षक अशीच उन्हाळ्या-उन्हाळ्यांत पदव्युत्तर पदवी पुरी करतात. प्रबंधाचा विषयही तिला दूर शोधावा लागणार नाही. गावातल्या दहा ओव्या ऐकायच्या, स्वरलिपीत उतरवायच्या, त्यांतली कोणती चाल तिसरीच्या मुलांना पेलते आणि कोणती सातवीच्या, हे वर्गात गाऊन तपासायचे, आणि त्याची नोंद पुढच्या शिक्षकाला वापरता येईल अशी लिहून ठेवायची.