टेबलावरचे सहा गठ्ठे

सरकारी कार्यालयातला अर्ज नामंजूर होऊन अडण्यापेक्षा पडून राहून अडतो. टपालात आलेला कागद बारनिशीत नोंदला जातो, संबंधित संकलनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, जातो, तिथल्या ढिगात मिसळतो, आणि त्यानंतर त्याचा माग काढायला कारकुनाच्या आठवणीखेरीज काही उरत नाही. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी या पडून राहण्यालाच हात घातला. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामाची जी फेरमांडणी केली ती ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर पोचली. तिच्यातली सहा गठ्ठा पद्धत आजही तहसील कार्यालयात, पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत दप्तर तपासणीच्या वेळी पाहिली जाते.

कारखान्यांच्या जगात या विचाराला ‘लीन’ म्हणतात. जॉन क्राफचिक यांच्या १९८८च्या एका लेखातून हे नाव रूढ झाले, आणि मासाकी इमाई यांचे सततच्या सुधारणेवरचे ‘कायझेन’ हे इंग्रजी पुस्तक १९८६चे. नगरचा प्रयोग या दोन्हींच्या आधीचा. तो ‘लीन’चे मूळ असलेल्या टोयोटाच्या नमुन्यावर बेतलेला नव्हता. महसूल खात्याच्या जुन्याच कार्यपद्धतीला शिस्त लावण्याचा तो प्रयत्न होता. तरीही या प्रयोगाचा आणि ‘लीन’चा गाभा एकच निघतो. ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याच्या उपयोगाचे काय आणि निव्वळ अडगळ काय, हे वेगळे करायचे, अडगळ हटवायची, आणि हे एकदाच करून न थांबता रोज करत राहायचे.

सहा गठ्ठ्यांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर त्या टेबलावरच्या माणसानेच पुढची कार्यवाही करायची आहे त्यांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. तलाठ्याचा अहवाल, दुसऱ्या खात्याचे अभिप्राय किंवा वरिष्ठांचा आदेश यायचा असल्याने थांबलेली प्रकरणे यात जातात. तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे दरमहा किंवा दर तिमाहीला पाठवायची विवरणपत्रे. चौथ्यात स्थायी आदेश: त्या कामाशी संबंधित शासन निर्णय आणि परिपत्रके. पाचवा गठ्ठा निकाली निघालेल्या, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा. सहावा नष्ट करायच्या कागदांचा.

यातली खरी हुशारी पहिल्या दोन गठ्ठ्यांमधल्या रेषेत आहे. ती रेषा नसते तेव्हा ‘प्रलंबित’ या एकाच सदरात सगळे लपते. माझ्यामुळे अडलेले आणि दुसऱ्यामुळे अडलेले यांची सरमिसळ होते, आणि विचारणा झाली की सगळाच ढीग दुसऱ्यावर ढकलता येतो. गठ्ठे वेगळे झाले की पहिल्या गठ्ठ्याची जाडी खोटे बोलत नाही. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदालाही आपण कुणाची वाट पाहतो आहोत आणि स्मरणपत्र कधी जायचे याचे उत्तर द्यावे लागते. टोयोटाच्या कारखान्यात अडचण सर्वांना दिसावी म्हणून दिवे आणि फलक लावतात. इथे तेच काम कापडात बांधलेल्या कागदांनी केले, आणि तेही कारकुनांच्या टेबलावर संगणक यायच्या कितीतरी आधी.

चौथ्या गठ्ठ्याचे मोल सहज लक्षात येत नाही. सरकारी नोकरीत बदली ठरलेलीच. अनुभवी अव्वल कारकून गेला की त्याच्याबरोबर नियमांची माहितीही जाते, आणि नवा माणूस पहिले काही महिने विचारत फिरतो. स्थायी आदेशांची संचिका टेबलावरच राहिली तर ज्ञान माणसाकडून टेबलाकडे येते. लखीना पॅटर्नमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाची लेखी जंत्रीही ठरवली गेली, त्यामुळे ‘हे माझ्याकडे नाही’ या उत्तराला जागा कमी उरली. कारखान्यात ज्याला प्रमाणित कार्यपद्धत म्हणतात ती हीच. ती नसेल तर सुधारणा टिकत नाही, कारण सुधारणा कशात झाली हेच सांगता येत नाही.

पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्यांचा संबंध अभिलेख कक्षाशी येतो. कागदांची वर्गवारी ठरलेली आहे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा, ‘क-१’ ५ वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. नियम स्पष्ट असूनही रुमालात बांधलेले कालबाह्य कागद वर्षानुवर्षे कपाटांवर साचतात. कागद नष्ट करण्याची भीती हे त्याचे कारण. उद्या कुणी मागितला तर काय, या शंकेपोटी सगळेच ठेवले जाते, आणि मग खरोखर हवा असलेला जमिनीचा जुना फेरफार सापडत नाही. जपानी कारखान्यांतल्या ‘फाइव्ह एस’ शिस्तीची पहिली पायरी हीच आहे: हवे-नको वेगळे करणे. दुसरी पायरी प्रत्येक वस्तूची जागा ठरवण्याची, तिसरी स्वच्छतेची, चौथी हे सगळे नियमात बांधण्याची, पाचवी ते पाळत राहण्याची. अनेक कचेऱ्यांत आणि कारखान्यांत हा उपक्रम तिसऱ्या पायरीवरच संपतो. भिंती रंगवल्या जातात, फलक लागतात, फोटो निघतात. निवड झालेली नसल्याने नको असलेल्या वस्तूच नीटनेटक्या मांडून ठेवल्या जातात.

ढीग कमी केल्याने उत्तर लवकर मिळते हे साध्या हिशेबातून कळते. समजा, एका टेबलावर ३०० प्रकरणे आहेत आणि रोज सरासरी १५ निकाली निघतात. आलेल्या क्रमाने काम केले तर आज आलेल्या अर्जाची पाळी सुमारे २० कामकाजाच्या दिवसांनी येईल, मग त्यावरचे प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे का असेना. विशेष मोहीम काढून ढीग ७५वर आणला तर पुढच्या अर्जदाराला त्याच कर्मचाऱ्याकडून, त्याच गतीने, पाच दिवसांत उत्तर मिळेल. रांगेची लांबी, कामाची गती आणि थांबण्याचा काळ यांच्यातल्या या नात्याची गणिती सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली. अट एकच: रोज जितके येते तितके रोज निघाले पाहिजे. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी राबवलेल्या ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ मोहिमेच्या नावातच हे दोन्ही भाग आहेत. जुना साठा संपवणे हा पहिला भाग आणि रोजचे रोज निकाली काढणे हा दुसरा. दुसरा नसेल तर पहिल्यावरची मेहनत वर्षभरात वाया जाते.

टोयोटाचे ताइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या श्रमाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, माणसाची विनाकारण हालचाल आणि सदोष काम. कचेरीत हे सगळे सापडतात. एकच माहिती तीन नोंदवह्यांत उतरवणे ही अनावश्यक प्रक्रिया. एका सहीसाठी फाइल तीन मजले फिरणे ही ने-आण. सगळ्यांत महाग पडते ते सदोष काम. अपुरा अर्ज खिडकीवर स्वीकारला जातो, पंधरा दिवसांनी त्रुटीचे पत्र निघते, अर्जदार एसटीने पुन्हा जिल्ह्याच्या गावी येतो. अकोले किंवा जामखेडच्या टोकाच्या गावातून नगरला येणाऱ्या माणसाचा त्यात एक दिवस आणि एक मजुरी जाते. हा खर्च कार्यालयाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही, म्हणून तो कुणाला टोचतही नाही. खिडकीवरच कागदांची यादी पडताळून घेतली तर चूक जिथे घडते तिथेच थांबते.

नागापूर आणि सुपे इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या वर्कशॉपना हा विषय वेगळ्या रूपात भेटतो. पॉवर प्रेसवरचा डाय बदलायला दोन तास लागत असतील तर मालक स्वाभाविकपणे मोठा लॉट काढतो, कारण सेटिंग वारंवार परवडत नाही. मग नको असलेला माल साठतो, त्यात पैसा अडकतो, आणि डायमध्ये दोष असेल तर तो हजार नग निघाल्यावर कळतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी यावर सोपा उपाय शोधला. यंत्र बंद असतानाच करावी लागणारी कामे आणि यंत्र चालू असताना आधी करून ठेवता येणारी कामे त्यांनी वेगळी केली. पाने, बोल्ट, पुढचा डाय आधीच यंत्राजवळ आणून ठेवायचा, बोल्ट फिरवण्याऐवजी झटपट पकडी वापरायच्या. टोयोटाच्या १,००० टनी प्रेसचे सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि अखेर तीन मिनिटांवर आले ते १९६९नंतरच्या थोड्या काळात. केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगमंत्री असताना नारायण राणे यांनी मार्च २०२३मध्ये लहान उद्योगांसाठी लीन योजना नव्या स्वरूपात सुरू केली. बेसिक, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा तिच्या पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायऱ्यांवर अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलते. सल्लागार मिळणे त्यामुळे सोपे झाले. पण पाना कुठे ठेवायचा हे ठरवायला सेटर आणि हेल्परलाच विचारावे लागते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सुधारणा सुरू करण्यापेक्षा ती चालू ठेवणे अवघड का, हेही नगर जिल्ह्यात चांगले दिसते. एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिलेली पद्धत त्याच्या बदलीनंतर डळमळते. लखीना पॅटर्न टिकला तो त्याचे नियम झाल्यामुळे, आणि जिथे नियमामागचा हेतू हरवला तिथे फक्त सहा लेबले उरली. पुढे कायद्यानेही मुदती घातल्या. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५च्या राज्य अधिनियमाला लोक ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखतात. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकाराबरोबर त्याचाही आग्रह धरला होता. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि अन्य विभागाचा सल्ला लागत नसेल तर ४५ दिवसांत अंतिम निर्णय व्हावा, असे हा कायदा सांगतो. मुदत आवश्यकच आहे, पण मुदतीचा धाक एकटा पुरत नाही. फाइल सातव्या दिवशी ‘अधिक माहितीसाठी’ परत पाठवूनही मुदत पाळता येते.

धाकापेक्षा नियमित मोजणी अधिक उपयोगी पडते, याचे उत्तम उदाहरण नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे आहे. ते कार्यालय नव्हे, गाव आहे. पण सततच्या सुधारणेचे चक्र तिथे स्पष्ट दिसते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामे केली आणि तिथेच न थांबता दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय आहे, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखायचे, उरलेल्यात कोणती पिके बसतात, हे ग्रामसभेत ठरते. कमी पावसाच्या वर्षी पिकांचा बेत बदलतो. योजना, अंमल, मोजणी, दुरुस्ती, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मोजणी गावकऱ्यांसमोर होते, त्यामुळे आकडे लपत नाहीत आणि निर्णय वरून लादल्यासारखा वाटत नाही.

कार्यालयात, दवाखान्यात किंवा दूध संकलन केंद्रात सुरुवात करताना संपूर्ण व्यवस्था बदलायला निघू नये. एक रांग निवडावी: केसपेपर काढण्याची, पगारपत्रकाची, फॅटच्या नोंदीची. आठवडाभर प्रत्येक टप्प्याची वेळ कागदावर लिहावी. प्रत्यक्ष कामापेक्षा थांबणेच कितीतरी मोठे निघते, आणि ते दोन टेबलांच्या मधे सापडते. एक बदल करावा, पुन्हा मोजावे, उपयोग झाला तर तो स्थायी आदेशांत लिहून ठेवावा. हे काम त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातून व्हायला हवे, कारण अडगळ कुठे आहे हे त्याला आधीपासून माहीत असते.

तो ते सांगेल की नाही, हे मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे. टोयोटाने २००१मध्ये आपली कार्यपद्धती लेखी मांडली तेव्हा सततच्या सुधारणेच्या बरोबरीने माणसांचा आदर हा दुसरा आधारस्तंभ धरला. सुचवलेल्या सुधारणेमुळे वाचलेला वेळ हेल्परची किंवा कंत्राटी लिपिकाची नोकरी खाणार असेल, तर त्या वर्कशॉपमधून किंवा कार्यालयातून दुसरी सूचना येत नाही. म्हणून मोकळ्या झालेल्या माणसाला कुठले काम द्यायचे हे आधी ठरवून, सर्वांना सांगून, मगच पहिला गठ्ठा उघडावा लागतो.