शिंदीच्या मडक्यावरची रात्र
बांगलादेशात हिवाळ्यात शिंदीचं खोड तासून खाली मडकं टांगतात आणि रात्रभर ठिबकलेली नीरा पहाटे कच्चीच पितात. निपाह विषाणू माणसात शिरतो कसा, हे शोधणाऱ्यांनी या झाडांवर इन्फ्रारेड कॅमेरे लावले. फळं खाणारी मोठी वटवाघळं तासलेला भाग चाटताना, तिथंच लघवी करताना दिसली. विषाणू अंगात असूनही ती स्वतः सहसा आजारी पडत नाहीत; रसात मात्र तो तिथूनच उतरतो. उपाय किती साधा! त्या भागाला बांबूची तट्टी बांधायची, की वटवाघूळ रसापर्यंत पोचतच नाही. त्यांना मारत सुटणं मला तरी घातक वाटतं. त्यातून संपर्कच वाढतो. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांतही निपाहच्या खुणा सापडल्या.