गर्भारणीची झोप

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. मी आज गर्भार स्त्रीच्या झोपेविषयी बोलणार आहे. विषयाचे नाव वाचून काहींना हसू आले असेल; काहींना हा बायकांनी बायकांपाशी बोलायचा विषय वाटला असेल. मला मात्र तो कामाच्या तासांइतकाच कामगारांचा विषय वाटतो. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि पुढे युनियनच्या कपाटातील पुस्तकांवर झाले. त्यामुळे वैद्यकाने पडताळलेले थोडे आणि कारखान्याच्या दारावर कामकरी बायांकडून ऐकलेले थोडे, एवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. गर्भारपण हे शरीराचे कामच आहे, आणि त्या कामाला सुट्टी नाही. दिवस भरत येतात तेव्हा स्त्रीच्या अंगातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढलेले असते. ते खेळवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडांना जास्त गाळावे लागते. कारखान्यातली पाळी संपवून ती घरी येते, स्वयंपाक उरकते, आडवी होते. पण आतली पाळी चालूच असते. अशा स्त्रीची झोप ही चैन नव्हे. तेवढी एकच दुरुस्तीची वेळ तिला मिळते.

ही झोप का मोडते ते पाहू. पहिल्या तीन महिन्यांत शरीरातील एका रसाचे, प्रोजेस्टेरोनचे, प्रमाण वाढते. त्यामुळे दिवसा डोळ्यांवर झापड येते आणि रात्री मात्र मळमळ व वरचेवर लघवीला उठणे यांमुळे झोप तुटते. मधले तीन महिने बहुतेकींना बरे जातात. शेवटचे तीन महिने कठीण. पोटाचा भार, कंबरदुखी, छातीत जळजळ, पायांत गोळे, आणि आई निजली की नेमके हातपाय हलवू लागणारे मूल. सासूबाई म्हणतात, "आम्हीही असेच दिवस काढले." ते खरेच आहे. पण काढता आले म्हणून ते सोसलेच पाहिजेत, असे नाही.

आता निजावे कसे? या बाबतीत गेल्या काही वर्षांत महत्त्वाची माहिती हाती आली आहे. खालच्या अंगातले रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी नीला पाठीच्या कण्याला लागून, किंचित उजव्या बाजूने वर जाते. गर्भार स्त्री शेवटच्या महिन्यांत उताणी निजली, की भरलेल्या गर्भाशयाचे वजन या नीलेवर पडते. पाण्याच्या रबरी नळीवर पाय ठेवावा तसा तो प्रकार होतो. हृदयाकडे रक्त कमी येते, आणि म्हणून ते मुलाकडेही कमी जाते. काही जणींना उताणे पडताच घाम फुटतो, घेरी येते. याचे कारण हेच. वैद्यांनी हा प्रकार १९५३ सालीच नोंदवला होता. पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आदी देशांतील अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस आठवड्यांनंतर ज्या स्त्रिया उताण्या झोपी जात, त्यांच्यात मूल पोटातच दगावण्याचा धोका डाव्या कुशीवर झोपी जाणाऱ्यांच्या मानाने अडीच पटींहून अधिक आढळला. उजव्या कुशीवर झोपणाऱ्यांत मात्र तो वाढलेला आढळला नाही. म्हणजे डावीच कूस पाहिजे असा हट्ट नको. कूस पाहिजे एवढेच.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. उताण्या झोपणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाही सुखरूप बाळंत होतात. मुळात हा धोका थोडा आहे. परंतु जो धोका एक पैसाही खर्च न करता कमी होतो, तो कमी का करू नये? रात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. पुन्हा कुशीवर वळावे आणि निजावे. झोपी जाताना जी स्थिती असते तीच सहसा रात्री सर्वांत जास्त वेळ टिकते, म्हणून निजताना कुशीवर निजणे महत्त्वाचे.

इथे एका समजुतीविषयी बोलले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ घरांत असे सांगतात की, गर्भारणीने निजल्या निजल्या कूस बदलू नये. आधी उठून बसावे आणि मग दुसऱ्या कुशीवर व्हावे, नाही तर मुलाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो. या समजुतीपायी कितीतरी बाया रात्रीतून पाच-सात वेळा उठून बसतात आणि अर्धी रात्र जागून काढतात. नाळेचा वेढा पडतो तो मूल पाण्यात स्वतः फिरते म्हणून. आईच्या कूस बदलण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा खुशाल वळावे. गुडघे दुमडून, खांदा आणि कंबर बरोबर वळवली म्हणजे कंबरेत कळ येत नाही. उठताना मात्र एकदम सरळ उठू नये. कुशीवर व्हावे, हाताने रेटा द्यावा आणि मग बसावे.

शहरातल्या दुकानांत गर्भारणींसाठी लांबलचक उशा मिळतात. त्या घ्यायला नको आहेत. एक उशी किंवा घडी केलेली गोधडी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, घोट्यापर्यंत पोचेल अशी ठेवावी. कंबरेचा ताण उतरतो. जुन्या लुगड्याची घडी पोटाखाली सारावी, म्हणजे पोट लोंबत नाही. आणि एक लोड पाठीशी लावावा, म्हणजे झोपेत उताणे होता येत नाही. जमिनीवर निजणारीने चटईवर दोन वाकळी घालाव्यात. नुसत्या फरशीवर कुशीवर निजले की खांदा आणि खुबा दुखून येतो आणि बाई पुन्हा उताणी होते.

लघवीचे दुखणे जरा नीट समजून घ्या, कारण त्यात कामाचा हात आहे. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीच्या पायांत पाणी उतरते, पाय सुजतात. रात्री आडवे होताच ते पाणी पुन्हा रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर काढू लागतात. उपाय सोपा आहे. निजण्यापूर्वी, संध्याकाळीच, तासभर कुशीवर पडून पाय उशीवर उंच ठेवावेत. पुष्कळसे पाणी निजण्याआधीच निघून जाते. पाणी दिवसा भरपूर प्यावे आणि निजण्याआधी थोडे कमी करावे. पण संडास वस्तीच्या टोकाला आहे, वाटेवर दिवा नाही, म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यातून लघवीच्या मार्गाला जंतूंचा उपद्रव होतो आणि त्यापायी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपणही होऊ शकते. तेव्हा वस्तीतला दिवा हासुद्धा गर्भारणीच्या झोपेचाच प्रश्न आहे.

छातीत जळजळ होत असेल तर रात्रीचे जेवण निजण्याआधी दोन-तीन तास उरकावे, तिखट-तळकट कमी करावे आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवावी. पायांत गोळा आला तर टाच लांबवून पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. निजल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, तर पुष्कळदा अंगात लोह कमी असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गर्भार स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोहाला अंगी लागू देत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीही घेऊ नये.

काही लक्षणे उशी-गोधडीने जाणारी नव्हेत. मुलाची हालचाल कमी झाली, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागू लागली, किंवा रात्री तळहात-तळपायांना फार खाज सुटली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. मोठ्याने घोरणे नव्याने सुरू झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण घोरणे आणि वाढलेला रक्तदाब पुष्कळदा बरोबर असतात.

इथवर जे सांगितले ते स्त्रीने करावयाचे. पण तिची झोप एकट्या तिच्या हाती नाही. एका खोलीच्या घरात भिंतीकडची जागा कुणाची, दिवा केव्हा मालवायचा, पहाटे नळाला पाणी येते तेव्हा कोण उठायचे, हे घरच्यांनी ठरवायचे असते. नवऱ्याने पाण्याची पाळी घेतली तर बायकोला दीड तास झोप मिळते. आपल्याकडे पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी नेतात, त्यातही विसावा हाच हेतू असावा; तोच विसावा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सासरी का मिळू नये?

आणि कामाची जागा? एका शिवणकारखान्यात सात महिन्यांची बाई उभ्याने कपडे तपासत होती. तिने स्टूल मागितले. उत्तर मिळाले, "बसलीस की झोप येईल." तिला झोप येत होती ती रात्री पाय ठणकत राहिल्यामुळे, आणि पाय ठणकत होते ते दिवसभर उभे राहिल्यामुळे. बायांनी एकजुटीने विचारल्यावर स्टूल आले. खर्च किती आला असेल, तो आपणच करा हिशेब.

रात्रपाळीचे तर विशेषच आहे. डेन्मार्कमध्ये सार्वजनिक सेवेतील बावीस हजारांवर गर्भार स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठव्या आठवड्यानंतर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने जास्त आढळले. परिचारिका आणि रात्री काम करणाऱ्या इतर भगिनींनी हे ध्यानात ठेवून दिवसपाळी मागितली पाहिजे.

हा हक्क मागण्याची परंपरा आपल्याच प्रांताची आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. पुढे १९६१ साली मध्यवर्ती कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्यांतील आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. या कायद्यात आणखी एक तरतूद होती, जी फारच थोड्यांना ठाऊक असते. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा जो महिना, त्यात स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. कायदा म्हणतो, "तिने मागणी केल्यास." मागणी करायला माहिती हवी आणि पाठीशी माणसे हवीत. युनियनचे काम तेच.

विडी वळणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, घरोघर धुणेभांडी करणाऱ्या बहुतेक बायांना ही पगारी रजा नाही. पाचटाच्या कोपीत निजून पहाटेच्या अंधारात फडावर जाणाऱ्या गर्भार बाईला मी "आठ तास झोपा" असे कोणत्या तोंडाने सांगू? तिच्यासाठी मुकादमाशी आणि कारखान्याशी बोलावे लागेल, सरकारदरबारी भांडावे लागेल. ते काम बाकी आहे.

तोवर प्रत्येकाला करता येण्याजोगे एक काम सांगतो. अठ्ठावीस आठवडे म्हणजे सातवा महिना, आपल्या डोहाळजेवणाचा महिना. आपण तिला हिरवी साडी नेसवतो, फुलांनी सजवतो, झोपाळ्यावर बसवतो, ओटी भरतो. यंदा ज्या घरी डोहाळजेवण असेल त्या घरच्यांनी खणानारळाबरोबर एक चांगला लोड द्यावा, आणि तो पाठीशी कसा लावायचा तेही सांगावे. घरच्या पुरुषमाणसांनी दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपासून पाणी भरायला उठावे.