समुद्रातला वारा

पवनचक्क्या जमीन सोडून समुद्रात कशाला उभारायच्या? वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग दुप्पट, तर शक्ती आठपट! समुद्रावर झाडे-डोंगरांचा अडथळा नसल्याने वारा अधिक वेगाने वाहतो.

पण नुसता वारा पुरत नाही. खांब रोवायला उथळ तळही हवा. इंग्लंडच्या पूर्वेकडील उत्तर समुद्रात तो आहे. तिथली ‘डॉगर बँक’ हिमयुगात चक्क कोरडी जमीन होती!

तिसरी गरज बंदराची. पाऊणशे मीटर लांबीची पाती रस्त्याने नेणे अवघड. म्हणून २०१६ मध्ये हल बंदरातच पात्यांचा कारखाना सुरू झाला. मासेमारी ओसरलेल्या ग्रिम्सबीला पवनचक्क्यांच्या देखभालीतून नवा रोजगार मिळाला.

आता सांगा : वेग दीडपट झाला, तर शक्ती किती पट होईल?