जुन्या ट्रकमधील पॉवर स्टिअरिंग पंपाच्या पुलीचे अनुकूलन

प्रस्तावना : जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकमध्ये सॅगिनॉ पंपाची पुली शाफ्टवर चावी व नटाने बसविलेली असे, पुढे ती केवळ दाबाने घट्ट बसविण्याची पद्धत आली. त्यामुळे जुन्या ट्रकला नंतरचा पंप जोडताना मूळ पुली चालत नाही. प्रस्तुत लेखात पर्यायी पुली निवडण्याच्या तत्त्वांचा विचार केला आहे.

विवेचन : पंपाचा वेग दोन पुल्यांच्या व्यासांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, इंजिनाची पुली १८० मि.मी. व पंपाची १५० मि.मी. असल्यास, इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असताना पंप ८४० फेरे घेतो. पंपाचीही पुली १८० मि.मी. केल्यास ७००च. उभ्या वाहनाची चाके वळविण्यास सर्वाधिक साहाय्य लागते आणि नेमका तेव्हाच इंजिनाचा वेग किमान असतो. म्हणून अतिमोठ्या पुलीने स्टिअरिंग जड होते. अतिलहान पुलीने पंप अतिवेगाने फिरून तेल तापते. दोन्ही पुल्यांच्या खाचा एका प्रतलात नसल्यास पट्टा झिजतो किंवा निसटतो. दाबाने बसणारी पुली हातोडीने ठोकल्यास पंपाच्या अंतर्भागास इजा पोहोचते. ती स्क्रूच्या साधनानेच बसवावी.

निष्कर्ष : शाफ्टवर बसणारी प्रत्येक पुली योग्य असतेच असे नाही. व्यास, खाचेचा प्रकार व संरेखन यांची पडताळणी केल्यावरच वाहन रस्त्यावर आणणे सुरक्षित ठरते.